वाचनातली चूक

बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई उठली आणि पुढे जाऊन दांडीला धरून उभी राहिली. थांबा आला, गेला, ती उतरली नाही. म्हणजे तिला उतरायचं नव्हतं, माझ्या शेजारी बसायचं नव्हतं. मी आधी हळूच स्वतःच्या बाहीचा वास घेतला. सगळा जन्म तेलात काढल्यावर माणसाला पहिली शंका तीच येते. बाहीला साबणाचा वास होता. मग लक्षात आलं की गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लोंबतंय. मी ते कोटाच्या आत सरकवलं, मग स्वतःचाच राग आला म्हणून पुन्हा बाहेर काढलं, आणि पुढच्या गर्दीत कुणीतरी वळून बघितल्यावर पुन्हा आत घातलं. या वयात अशी आत-बाहेर करायची वेळ यावी याचं हसू येत होतं. समोरच्या माणसाने वर्तमानपत्र उघडलं होतं. पहिल्या पानावर काळ्या वाळूचं छायाचित्र, वर जाड अक्षरांत: तेलवाहिनीतून गळती. त्या वाळूत एक खडक दिसत होता, वरून चपटा, एका बाजूला तुटलेला. त्या खडकावर बसून मी पाढे पाठ केले होते.

गळती या शब्दाशी माझं तसं काही वैर नाही. नळ गळतो, छप्पर गळतं, केस तर माझे रोज गळतात. पण गळणं म्हणजे जे धरून ठेवायचं होतं ते सुटणं, आणि सुटलं म्हणजे कुणाचा तरी हात ढिला पडला. किनाऱ्यावरच्या पंपघरापासून शहराबाहेरच्या कारखान्यापर्यंत जी लाइन, म्हणजे ही तेलवाहिनी, जाते, तिचे किनाऱ्याकडचे सगळे जोड माझ्या बाबांनी जोडले होते. डोळ्यांवर काळी काच, हातात ठिणग्या, आणि काम झालं की गार झालेल्या जोडावरून उघडा अंगठा फिरवून बघायची सवय. घरातसुद्धा ते कपाच्या कडेवरून, टेबलाच्या कोपऱ्यावरून, आमच्या कपाळावरून तसाच अंगठा फिरवायचे, कुठे फट राहिली आहे का बघत असल्यासारखा. त्या जाड अक्षरांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण मला ते बाबांच्या अंगठ्याबद्दल बोलतायत असंच वाटलं.

आमची वसाहत पंपघराच्या पाठीमागे, थेट वाळूला लागून. लाइन टाकायला आलेली माणसं लाइन टाकून झाल्यावर परत गेलीच नाहीत, त्यांची ती घरं. खडकांच्या खाली वाळूचा एक पट्टा होता आणि तिथे जमिनीतून काळं तेल आपलं आपण वर यायचं. कंपनी यायच्या कितीतरी आधीपासून यायचं. जुने नावाडी त्याने होड्यांच्या फटी बुजवायचे. खरं म्हणजे ते बघूनच कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथे खाली आणखी असणार, आणि मग कंपनी आली. त्याला सगळे पाझर म्हणायचे. पाझराकडे जाऊ नका, हे आईचं रोजचं वाक्य, आणि पाझराकडे जाणं हा आमचा रोजचा कार्यक्रम. संध्याकाळी ती आम्हा दोघांना पायरीवर बसवायची, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तळवे गरम होईपर्यंत घासायची, मग साबण, मग एक हलकी चापट, तीसुद्धा तळव्यालाच. माझा धाकटा भाऊ गुदगुल्यांनी लोळायचा. तो शहरातल्या शाळेत जाऊ लागला आणि कसरतीच्या तासाला बूट काढल्यावर मुलं त्याच्या तळव्यांना हसली. त्या दिवसापासून त्याने मोजे जे घातले ते झोपतानाही काढेना. बाबांनी त्याचं नाव मोज्या ठेवलं. हा मोज्या एक दिवस मोज्यांसकट आंघोळ करणार, म्हणायचे. मोज्या आता तेलखात्याच्या मंत्र्यांचा सचिव आहे, आणि त्याचे बूट इतके चकचकीत असतात की त्यात बघून कुणीही भांग पाडावा.

आमची कंपनी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मी तिच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, मला तिची अंगं-उपांगं माहीत आहेत. पण गेल्या वर्षभरात सरकार तिच्यामागे हात धुऊन लागलं होतं ते तिच्या पापांसाठी नव्हे, हे आमच्या उपाहारगृहात भांडी घासणाऱ्यालाही कळत होतं. इंधनाचे भाव चढले होते, पंपांवर लोक शिव्या देत होते, निवडणूक तोंडावर होती. शिव्यांना एक पत्ता लागतो. सरकारने त्यांना आमचा पत्ता दिला. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे बंदरं बांधणारा एक मोठा कंत्राटदार, ज्याला सगळे गोदीवाला म्हणत. त्याला आमचं पंपघर, ती लाइन आणि मागची वसाहत, सगळा किनाराच हवा होता. निवडणुकीचा खर्च कोण उचलतो हे काही गुपित नव्हतं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी एकदा त्याला नाही म्हटलं. मग आमच्याकडे आधी करवाले आले, मग आग विझवण्याची साधनं तपासणारे आले, मग जिन्याची रुंदी मोजणारे आले. आम्ही त्यावर विनोद करायचो की आता फक्त हवामान खातं यायचं राहिलंय. आणि मग कुणीतरी पाझराची छायाचित्रं काढली. गळती ठरली की लाइन बंद, गळतीचा किनारा राहायला धोक्याचा म्हणून वसाहत रिकामी, आणि रिकामा किनारा मिळेल त्या भावाने गोदीवाल्याला. एका शब्दात इतकं सगळं बसत होतं.

बस वळली तेव्हा लांबून कारखान्याची धुराडी दिसली आणि नेहमीप्रमाणे बरं वाटलं. लोकांना ती कुरूप वाटतात. मला घर जवळ आल्यासारखं वाटतं.

प्रयोगशाळेत दोन्ही बाटल्या मी ठेवल्या होत्या तशाच होत्या. एकीत लाइनमधलं तेल, दुसरीत वाळूतलं. बाटलीतून बघितलं तर दोन्ही काळीच. पण आमचं यंत्र तेलातले घटक सुटे करून कागदावर रेघ काढतं, आणि लाइनमधल्या तेलाची रेघ फणीसारखी निघते, सरळ उभ्या दातांची, कारण त्यात मेण भरपूर. वाळूतल्या तेलाची फणी दात पडलेली होती. ऊन, वारा आणि जमिनीतले जंतू यांनी मेण खाऊन टाकलेलं. असं म्हातारं तेल लाइनमधून काल-परवा गळूच शकत नाही. यात माझी हुशारी काही नाही, आमच्याकडे नवीन लागलेली मुलगीसुद्धा ते बघून सांगेल. मोठ्या साहेबांना मी ते दाखवलं होतं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, आणि त्याच आठवड्यात मंत्रालयाशी त्यांची तडजोड झाली. कंपनी गळती मान्य करणार, किनारा सोडणार, त्या बदल्यात खोल समुद्रातल्या नव्या क्षेत्राचा परवाना. साहेबांचं चुकलं असंही मला ठामपणे म्हणता येईना. त्यांच्या पदरात हजारो नोकऱ्या होत्या, माझीही त्यात होती. दुपारी पत्रकारांसमोर संयुक्त निवेदन वाचलं जाणार होतं, आणि मंत्र्यांच्या वतीने ते मोज्याच वाचणार होता. कंपनीच्या वकिलांनी सकाळीच येऊन मला सांगितलं की बाई, तुम्ही व्यासपीठावर फक्त बसायचंय, प्रयोगशाळा बाजूला बसलेली दिसली की झालं. मी विचारलं, मग माझ्याऐवजी एखादं यंत्र आणून ठेवलं तर? ते हसले नाहीत. वकिलांना हसण्याचे वेगळे पैसे पडत असावेत.

ते गेल्यावर मी नुसतीच बसून राहिले. मला भीती वाटत होती, आणि भीती कशाची हे शोधत बसले तर ती नोकरीची नव्हती. बाबांना ऐकू कमी येतं. त्यांच्या कानाशी जाऊन, मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मला ओरडून सांगावं लागणार होतं: बाबा, घर सोडायचंय, तुमची लाइन गळली म्हणतात. आणि ते विचारणार, कोण म्हणतं? त्यावर मी काय ओरडू? तुमची मुलगी शेजारी बसली होती आणि तुमच्या मुलाने वाचलं? आई असती तर तिने फडका घेतला असता, आणि या वेळी तळव्यांवर थांबली नसती.

दारावर टकटक न करता मोज्या आत आला. लहानपणीही तो असाच यायचा. बरोबरच्या माणसांना बाहेर थांबवून त्याने दार लावून घेतलं, खुर्चीवर बसायच्या आधी ती रुमालाने पुसली, आणि मग मी बघतेय हे बघून ओशाळला. तो थकलेला दिसत होता. दाढी करताना हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता. एवढा मोठा अधिकारी, आणि मला वाटलं याला कुणी सांगितलंच नाही का सकाळी. त्याने बाबांची चौकशी केली. मी म्हटलं, तूच जाऊन बघ, बस जाते तिकडे. त्यावर त्याने घड्याळ बघितलं. मग नेहमीच्या पद्धतीने गोड बोलत मुद्द्यावर आला. लोकांना नवीन घरं मिळतील, बाबांना तळमजल्यावरचं, पाणी आतमध्ये. लाइन जुनी झालीच आहे, आज ना उद्या बंद होणारच. सरकार बदललं तर पुढचे आणखी वाईट येतील. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे बरोबर होतं. तो शाळेतही निबंध असेच लिहायचा, कुठेही लाल रेघ मारता यायची नाही आणि वाचून झाल्यावर काही लक्षात राहायचं नाही.

"ताई, प्रश्न एका शब्दाचा आहे," तो शेवटी म्हणाला.

"तो शब्द बाबांच्या हातावर बसणारा आहे."

"बाबांचं नाव कुठेही नाही. मी स्वतः बघितलंय."

"त्या जोडांवर दुसऱ्या कुणाचं नाव आहे का?"

त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी त्याला टोचून बोलत होते आणि मला ते आवडत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक. जो मुलगा तळवे लपवत मोठा झाला त्याला पुन्हा वाळूत उतर म्हणून सांगणं सोपं असतं, उतरणं त्यालाच भाग असतं. मी त्याला एवढंच सांगितलं की मी व्यासपीठावर बसेन, पण मला कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, कुणी विचारणार नाही, तशी व्यवस्था केलेली आहे. हे त्याने इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की ती व्यवस्था त्याला स्वतःलाच पटलेली नसावी. मग उठता उठता त्याने वाळूतल्या तेलाची बाटली उचलली. का उचलली, त्यालाही सांगता आलं नसतं. झाकण काढून नाकाशी नेली. वास घ्यायची त्याची ही रीत, डोळे मिटून, मी विसरलेच होते.

"आईच्या फडक्याला असा वास यायचा," तो म्हणाला.

"फडक्याला रॉकेलचा यायचा. तळव्यांना हा."

त्याने झाकण नीट फिरवून लावलं, बाटली होती तिथेच ठेवली, आणि म्हणाला, तू म्हणजे एक नमुनाच आहेस ताई. मी म्हटलं, आमच्याकडे नमुने जपून ठेवतात. तो हसला. दार उघडताना त्याने खांदे पुन्हा ताठ केले आणि बाहेरच्या माणसांना दिसेल असा चेहरा लावून गेला. जरा आधी हसलेला मुलगा त्या चेहऱ्यात शोधूनही सापडला नसता.

सभागृह गच्च भरलं होतं. मधोमध मंत्री, एका बाजूला आमचे मोठे साहेब, त्यांच्या पलीकडे वकील, आणि टोकाला मी, ओळखपत्र कोटाच्या बाहेर. दिव्यांचा उजेड डोळ्यांत जात होता. अशा वेळी माझं मन भलतीकडेच जातं. मी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते आणि विचार करत होते की सुतारकाम काही खास नाही. मोज्या बाजूच्या उंच मेजाशी निवेदन घेऊन उभा राहिला. आवाज त्याचा पहिल्यापासून छान. इंधनाच्या भावांचा भाग आला, लोकांच्या हालांचा आला, सरकारच्या काळजीचा आला. मंत्री योग्य जागी मान हलवत होते. मला तो शब्द पुढे पुढे सरकत येताना जाणवत होता. माझे तळवे बुटांच्या आत गरम झाले होते, अगदी घासल्यासारखे. उठावं, निघून जावं, पाणी मागावं, काहीतरी करावं असं वाटत होतं आणि मी काहीच करत नव्हते. आपण बसलेलो आहोत हाच आपला होकार आहे, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. आणि मोज्या वाचत होता, "तज्ज्ञांच्या पाहणीनुसार, किनाऱ्यावर पसरलेलं तेल हे जमिनीतून होणाऱ्या पाझरामुळे..."

तो थांबला.

कागदावर गळती होतं. मी ते सकाळी वकिलांच्या हातात बघितलं होतं, वाहिनीतून होणाऱ्या गळतीमुळे, असं. सभागृहात आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मंत्र्यांनी योग्य जागी मान हलवली. मोज्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा समोर. त्याला मागे जाऊन वाक्य सुधारता आलं असतं. माफ करा म्हणायचं आणि पुन्हा वाचायचं, सगळे वाचतात तसं. मला त्याचा कान दिसत होता. तो लाल झाला होता, शाळेतून मोजे घालून आला होता त्या दिवसासारखा. त्याने कागद उलटला आणि पुढचं पान वाचायला घेतलं. शेवटपर्यंत वाचलं. पुढे कुठेकुठे तो दुसरा शब्द होता, तिथे त्याने सरळ हा पाझर, या पाझराचा, असंच वाचलं, आणि मग लाइन बंद करण्याचं आणि वसाहत रिकामी करण्याचं कारण वाक्यांमध्ये बसेचना. ऐकणाऱ्यांना ते जाणवू लागलं होतं. कुजबुज सुरू झाली.

मागच्या रांगेतली एक वार्ताहर उभी राहिली. तिने विचारलं की साहेब, पाझर म्हणालात की गळती? कारण जमिनीतून आपोआप येत असेल तर लाइन कशासाठी बंद करताय? मोज्याने कागद नीट जुळवून मेजावर ठेवले. मंत्री मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, अहो, शब्दांत काय ठेवलंय, दोन्ही एकच. त्यांनी सहज सगळ्यांकडे बघत हात फिरवला, आणि तो हात फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. कंपनीच्या प्रयोगशाळेच्या बाईच बसल्यात की इथे, असं ते म्हणाले. त्यांना फक्त माझी मान हवी होती. वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले, कारण बसून बोलायचं मला सुचलंच नाही.

"एकच नाहीत," मी म्हटलं. "गळती माणसाच्या हातची असते. हा पाझर आहे. कंपनीच्या आधीचा आहे."

मग मी फणीचं सांगितलं, दात असलेली आणि दात पडलेली. कुणीही येऊन वाळूतलं तेल घेऊन जावं आणि आपल्याला हव्या त्या प्रयोगशाळेत तपासावं, हेही सांगितलं. बोलायला लागल्यावर मी थांबलेच नाही. मोठे साहेब टेबलाकडे बघत होते, आणि मला खात्री नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. नाही म्हणायची हिंमत संपलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी नाही म्हटलेलं बरं वाटत असावं.

त्यानंतर बाहेर पडताना कुणी माझ्याशी बोललं नाही. तासाभरातच रेडिओच्या बातम्यांत मंत्रालयाचा खुलासा आला की सचिवांकडून वाचनात चूक झाली. पण तोवर तो शब्द सगळीकडे गेला होता. कुणीतरी जुन्या नावाड्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं होतं, दोन महाविद्यालयांनी तेल तपासायला मागितलं होतं, आणि तपासणी होईपर्यंत वसाहतीला हात लावणार नाही, असं मंत्र्यांना नाइलाजाने सांगावं लागलं. नाइलाजाने का होईना. गोदीवाला गप्प बसणारा नाही आणि निवडणूक अजून व्हायचीच आहे, हे मला कळतं. माझ्या नोकरीचं काय होणार हे मला माहीत नाही. तरी बसमध्ये बसले तेव्हा ओळखपत्र बाहेरच होतं, आणि शेजारी कोण येऊन बसलं ते मी बघितलंही नाही.

बाबांकडे पोचले तेव्हा अजून उजेड होता. पायरीच्या खाली चकचकीत बुटांचा जोड होता, आणि बुटांत मोजे नीट घडी करून ठेवलेले. मी वाळूकडे बघितलं. मोज्या खडकाच्या बाजूने येत होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अंतराअंतराने जपून टाकत, सवय मोडलेल्या माणसासारखा. पायरीशी येऊन तो बसला आणि तळवे वर करून बघू लागला. त्याची बदली झाली होती, कुठेतरी लांब, जिथे तेल नाही आणि समुद्रही नाही. हे त्याने मला असं सांगितलं की जणू सुट्टी मंजूर झाली आहे. मी विचारलं, चूक झाली की केलीस? त्याने तळव्यावरचा एक काळा ठिपका नखाने खरवडला.

"तोंडात दुसरा शब्द आलाच नाही ताई," तो म्हणाला. "पहिल्यांदा तरी. नंतरचं माझं."

बाबा आतून आले. रेडिओ त्यांना ऐकू येत नाही, शेजाऱ्यांनी त्यांना काहीतरी सांगितलं होतं, पण नीट कळलं नव्हतं. हा आज तिथे काय म्हणाला, असं त्यांनी मला विचारलं. सकाळी जे ओरडून सांगायची मला धास्ती होती त्याच्या जागी दुसराच शब्द आता मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले. माझा आवाज पार खडकापर्यंत गेला असेल.

"पाझर म्हणाला, बाबा."

बाबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. एवढ्यासाठी ही दोघं शहरातून इथे आली, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"मग? दुसरं काय म्हणतात त्याला?" ते म्हणाले, आणि फडका आणि रॉकेलची बाटली आणायला आत गेले.